झाँसीची झाशी

ओरछ्याच्या महालाच्या गच्चीवर राजा वीरसिंहदेव आणि त्याचे पाहुणे, जैतपूरचे राजे, उभे आहेत. दूर बंगरा टेकडीवर नवा किल्ला झालाय, पण पाहुण्यांना तो नीट दिसत नाही. 'झाँई-सी' दिसते म्हणतात, म्हणजे सावलीसारखं काहीतरी. त्यावरून झाँसी. शहरात विचारा की छावनीत, गोष्ट हीच.

किल्ला १६१३चा; ओरछाही जवळच. म्हणजे भूगोल आड येत नाही. व्याकरण मात्र थोडं अडवतं. हिंदीत 'किला' पुल्लिंगी, तेव्हा हवं 'झाँई-सा'. अर्थात किल्ला ओळखूच आला नसेल, नुसती झाँईच दिसली असेल, तर 'सी' चालतं. मुंबईच्या 'बॉम बाहिया'ला एवढीही पळवाट नाही. पोर्तुगीजांनी 'उत्तम उपसागर' म्हणून ते नाव दिलं म्हणे. पण त्यांच्या भाषेत उपसागर स्त्रीलिंगी, म्हणून 'बोआ' हवं होतं. झाँसीची कथा लिंगाच्या परीक्षेत कशीबशी पास होते. पण म्हणून ती खरी ठरत नाही. गावाचं आधीचं नाव बलवंतनगर सांगतात. ते नाव पुसून पाहुण्याचा एक उद्गार लोकांच्या तोंडी का बसावा, याचं उत्तर गोष्टीत नाही.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो मराठी उच्चार. १७४२च्या सुमारास नारोशंकर (ज्यांची पोर्तुगीज घंटा नाशिकच्या रामेश्वर मंदिरात आहे, तेच) इथे सुभेदार झाले. किल्ला वाढला, दक्षिणी कुटुंबं येऊन राहिली आणि झाँसीची झाशी झाली. हा अपभ्रंश नव्हे, नियम आहे. 'ई'च्या शेजारी मराठीत 'स'चा 'श' होतो: मौसी-मावशी, ऐसी-अशी, अस्सी-ऐंशी. नाकातला स्वरही आपण बहुधा सोडतो: दाँत-दात, पाँच-पाच. नाव नुसतं कागदोपत्री आलं असतं तर 'झांसी' राहिलं असतं. ते घरात बोललं गेलं, म्हणून मावशीच्या वळणावर गेलं. आणि त्या वळणावर दंतकथेतली 'सी' हरवली. 'झाशी'त मराठी कानाला सावली ऐकू येत नाही.

२०२१च्या अखेरीस रेल्वे स्टेशनला वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव दिलं. त्यात गावाचं नाव गळलं होतं, ते पुढे शेवटी जोडावं लागलं. पाटीवर आता 'झाँसी' आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने आलेला माणूस उतरतो तो मात्र झाशीला.