‘हाड’पासून ‘सिट’पर्यंत : पिल्लाला वळण लावण्याचा इतिहास

१/
कुत्र्याशी बोलण्यासाठी मराठीजवळ तीन जुने शब्द आहेत. बोलवायचे तर ‘यू यू’, हाकलायचे तर ‘हाड’ आणि कोणाच्या अंगावर सोडायचे तर ‘छू’. ‘जागेवर बस’, ‘तोंडातले सोड’, ‘इथे नको, बाहेर’ यांसाठी मात्र असा रूढ, खास शब्द नाही. म्हणून अमरावती-अकोल्याच्या ज्या घरांत माणसे आपसांत वऱ्हाडी बोलतात, त्याच घरांत नव्या पिल्लाशी ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’ असे इंग्रजी बोलले जाते. हे असे का झाले, याचा शोध घेणारा हा धागा आहे. नवे पिल्लू घरी आणल्यावर पहिले काही महिने जी दमछाक होते, तिचे एक मोठे कारणही याच इतिहासात दडलेले आहे.

२/
सुरुवात फार मागून करू. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावरील दायमाबाद येथे कांस्यमूर्तींचा एक संच सापडला. त्यात बैलजोडी जुंपलेला रथ आहे, रथात उभा माणूस आहे, आणि त्या माणसासमोर रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; बरेच जण त्यांना उत्तर-हडप्पा काळात ठेवतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या भूमीत सापडलेल्या या अतिप्राचीन कुत्र्याची जागा वाहनावर आहे, माणसाच्या कामात आहे. तो सोबती आहे, परंतु तो प्रवासाचा आणि रानाचा सोबती आहे.

३/
ग्रंथांतही हेच चित्र दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्री बाळगणारे शिकारी येतात. त्यांनी रानात फिरून टेहळणी करावी, अशी अपेक्षा आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. उत्तम कुत्रा कसा ओळखावा आणि शिकारीसाठी कसा वापरावा, याचा विचार राजदरबारात शास्त्र म्हणून होत होता. अर्थात हे शिक्षण राजाच्या पदरी असलेल्या जाणकारांच्या हाती होते. गृहस्थाने आपल्या घरात ते करावे, अशी कल्पना तिथे नाही.

४/
आपल्या वऱ्हाडातले उदाहरण घेऊ. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तिथेच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यातली सशाची लीळा प्रसिद्ध आहे : पारध्यांची कुत्री मागे लागलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला अभय देतात. या प्रसंगातील कुत्री शिकवलेली आहेत. पाठलाग करणे हे त्यांचे काम आहे. पुढे अठराव्या शतकात साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा खंड्या येतो. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगितले जाते. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. पालखी मिळाली तीही रानातल्या पराक्रमासाठी.

५/
आता सामान्य माणसाच्या घराकडे येऊ. जुन्या वऱ्हाडी घराची रचना डोळ्यांसमोर आणा : पुढे ओटा, मग सपरी, मागे परसदार, बाजूला गुरांचा कोठा आणि पलीकडे उकिरडा. शेतात जागलीला गेलेल्या माणसाबरोबर कुत्रे जाई. रोही आणि रानडुकरे यांची चाहूल त्यालाच आधी लागे. धनगरांच्या कळपाबरोबर ते लांडग्यांवर नजर ठेवी. उरलेली भाकर त्याला मिळे. कुत्रे घराचे होते, पण त्याची हद्द ओट्यापर्यंत. स्वयंपाकघरात पाऊल पडले की ‘हाड’.

६/
या व्यवस्थेत पिल्लाला वळण कोण लावत असे? बरेचसे त्याची आई आणि गल्लीतली मोठी कुत्री. खेळताना जोरात चावले तर भावंड ओरडे आणि खेळ थांबवी. दाताला किती जोर द्यावा, हा धडा तिथेच मिळे. शी-शूचा प्रश्नच नव्हता, कारण सारे अंगण, परसदार आणि माळ मोकळा होता. दुपारी कोणी एकटे पडत नसे. माणसाला शिकवायचे होते ते एवढेच : उंबरठा ओलांडू नये. त्यासाठी ‘हाड’ पुरेसे होते. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण याच जगातली. कुत्र्याला घडवण्याची गरजच पडत नव्हती, तेव्हा ते घडत नाही असे म्हणायला कोणाचे काही बिघडत नव्हते.

७/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि चिखलदरा हे साहेबांचे उन्हाळ्यातले विसाव्याचे ठिकाण झाले. हिंदुस्थानातील इंग्रजी बंगल्यांमध्ये कुत्रा थेट दिवाणखान्यात असे आणि त्याच्या देखभालीला बहुधा स्वतंत्र नोकर असे. त्याच सुमारास, १८४८ साली, हचिन्सन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणावरील पुस्तक निघाले. त्यात त्याने मारझोडीपेक्षा संयम, बक्षीस आणि हातांच्या खुणा यांवर भर दिला होता. म्हणजे खाऊ देऊन शिकवण्याची पद्धत ही ‘आजकालची फॅशन’ नव्हे. ती पावणेदोनशे वर्षे जुनी आहे.

८/
तरीही विसाव्या शतकात दुसरीच पद्धत वरचढ ठरली. जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली श्वानप्रशिक्षणाची पुस्तिका लिहिली. कोणत्या कृतीनंतर कोणता परिणाम मिळाला यावरून कुत्रा शिकतो, हे त्याने नेमके ओळखले होते. पण परिणाम म्हणून तो पट्ट्याचा झटका आणि सक्ती यांवर मोठी भिस्त ठेवी. दोन महायुद्धांत हजारो कुत्री थोड्या अवधीत तयार करायची होती. ती घाई संपली, पण शिकवणारे लष्करातून बाहेर पडून नागरी प्रशिक्षक झाले आणि त्यांच्याबरोबर कवायतीची भाषाही घराघरांत आली. आपल्याकडे लष्कर, पोलीस, श्वानस्पर्धा आणि इंग्रजी पुस्तके या वाटांनी ‘सिट-स्टे’ रुळले.

९/
महाराष्ट्रात प्रशिक्षित कुत्रा म्हटले की ‘झंजीर’ आठवतो. पुण्यात शिकलेला हा लॅब्राडोर १९९२ च्या अखेरीस मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात आला आणि १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढले. २००० साली तो गेला. अशा कथा वाचून आपण लॅब्राडोरचे पिल्लू आणतो आणि दोन महिन्यांत ते ‘शहाणे’ होईल अशी अपेक्षा धरतो. झंजीरसाठी ठरलेले हॅण्डलर होते आणि त्याला शिकवणे हेच त्यांचे पूर्णवेळ काम होते, हा तपशील मात्र गळून पडतो.

१०/
सक्तीला शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांमुळे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना सर्वत्र पसरली. मालकाने म्होरक्या व्हावे, पिल्लाला दाबून ठेवावे, हा सल्ला तिथून आला. पुढे रानातल्या लांडग्यांचे कळप पाहिल्यावर मेक यांनी स्वतःच १९९९ साली ही मांडणी नाकारली : रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले. इकडे बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालीच प्राण्यांना बक्षिसाने कसे शिकवावे, यावर सोप्या भाषेत लेख लिहिला होता. १९८४ मध्ये कॅरेन प्रायर यांच्या पुस्तकाने ती पद्धत कुत्रा पाळणाऱ्यांपर्यंत नेली. गावोगावी मात्र आजही म्होरक्याचीच गोष्ट सांगितली जाते.

११/
आता मूळ मुद्दा. कुत्रा तोच राहिला, घर बदलले. ओटा गेला, परसदार गेले, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी उरली. या घरात आपण आठ आठवड्यांच्या जिवाकडून काय काय मागतो? लादीवर शू करू नये, चपला कुरतडू नयेत, पाहुण्यांवर भुंकू नये, दिवसभर एकटे राहावे. दायमाबादच्या रथावरच्या कुत्र्याकडून यातले काहीच मागितले गेले नव्हते. वऱ्हाडातल्या कोठ्याजवळच्या कुत्र्याकडूनही नाही. पिल्लू ‘हट्टी’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपली मागणी किती नवी आहे हे आपण विसरलेले असतो.

१२/
ही दृष्टी ठेवली की अडचणी सोप्या होतात. शू : ढोबळ हिशेब असा की, दोन महिन्यांचे पिल्लू फार तर दोन-तीन तास रोखू शकते. म्हणून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे आणि तिथे केल्याबरोबर शाबासकी द्यावी. अर्ध्या तासाने डाग दाखवून मारले तर त्याला मारण्याचे कारण कळत नाही. ते फक्त माणसाला भिऊ लागते आणि पुढे पलंगाखाली लपून शू करते. चावणे : दात येण्याच्या काळात ते होणारच. भावंड जे करी तेच आपण करावे : खेळ थांबवावा, हात काढून घ्यावा, चघळायला दुसरे काही द्यावे. एकटे राहणे : एका मिनिटापासून सुरुवात करून अवधी हळूहळू वाढवावा.

१३/
सर्वांत अवघड पेच मात्र गेल्या अर्धशतकातला आहे. १९७८ च्या सुमारास पार्व्हो हा नवा विषाणू जगभर पसरला. पिल्लांसाठी तो जीवघेणा आहे. म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, पिल्लाला बाहेर नेऊ नका, असे सांगितले जाते. पण स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने दाखवले आहे की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेते. त्या काळात जे पाहिले-ऐकले नाही, त्याची पुढे भीती बसू शकते. एकीकडे रोग, दुसरीकडे आयुष्यभराची भीती. जुन्या गल्लीत ही ओळख आपोआप होई. आता ती घडवून आणावी लागते.

१४/
यावर अमेरिकेतील पशुवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली मध्यममार्ग सांगितला : लसीकरण सुरू झाल्यावर, ते पूर्ण होण्याची वाट न पाहता, काळजी घेऊन जग दाखवावे. आपल्याकडे ते सहज जमते. पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन राजकमल चौकातली रहदारी दाखवा, बैलबंडी दाखवा, टोपीवाला, छत्रीवाला, शाळकरी पोरे दाखवा. लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याला घरी बोलवा. लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थाच आहे. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर त्याला मुळीच चालवू नका. पहाट आणि रात्र या दोनच वेळा.

१५/
हे सारे जमले नाही तर काय होते, ते शहराच्या कडेला दिसते. गळ्यात पट्टा असलेली, रस्त्यावर जगणे ठाऊक नसलेली कुत्री तिथे भटकतात. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचे फर्मान काढले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. आजचा कायदा वेगळा आहे : २००१ च्या आणि मग २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करायचे असते. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकायला मनाई केली आहे. आई-भावंडांकडून शिकण्याचे ते दिवस आहेत. पण पिल्लू घरी आणल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी कोणताही नियम पुरा पडत नाही. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे सूत्र आहे. घरातल्या पिल्लाच्या बाबतीत अभयाचा अर्थ साधा आहे : माणसाच्या हाताची भीती वाटू नये.

१६/
शेवटी भाषेकडे. पिल्लाला इंग्रजी कळत नाही आणि वऱ्हाडीही कळत नाही. त्याला कळतो एकसारखा आवाज आणि त्यानंतर येणारा परिणाम. अडचण तेव्हा होते, जेव्हा आई ‘सिट’ म्हणते, बाबा ‘खाली बस’ म्हणतात आणि आजी ‘हाड’ म्हणते. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून पाच शब्द ठरवा : बस, थांब, ये, सोड, बाहेर. कागदावर लिहून फ्रीजवर लावा. उंबरठ्याच्या आत आलेल्या कुत्र्यासाठी आपल्या भाषेत शब्द नव्हते, कारण त्यांची गरज पडली नव्हती. ती आता पडली आहे आणि ते शब्द घडवणारी पहिली पिढी आपलीच आहे.

तुमच्या घरी, गावी कुत्र्याला बोलवायला आणि थांबवायला कोणते शब्द वापरतात? तालुक्याच्या नावासह खाली जरूर लिहा.