ग्लॅडिओलसचा मर रोग

आयरिसच्या कुळातील ग्लॅडिओलस या फुलझाडाचा सर्वांत नुकसानकारक बुरशीजन्य रोग. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या ज्या प्रकारामुळे तो होतो, तो आयरिस, फ्रीझिया आणि केशर या झाडांनाही लागतो. थंड हवामानातले आयरिस मराठवाड्याच्या उष्ण हवेत सहसा तग धरत नाहीत. त्यामुळे भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात या कुळातले लावण्याजोगे प्रमुख फुलझाड म्हणजे ग्लॅडिओलस. पुण्यात गणेशखिंड येथे त्यावर संशोधन झाले असून 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा' हे वाण महाराष्ट्रातलेच आहेत.

रोगाची सुरुवात जुन्या, खालच्या पानांपासून होते. त्यांचे शेंडे पिवळे पडतात, पाने विळ्यासारखी वाकतात, फुलदांडा खुरटतो आणि शेवटी झाड वाळते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह कमी पडले तरी पाने पिवळी होतात; मात्र तो पिवळेपणा कोवळ्या पानांवर आधी येतो आणि शिरा हिरव्या राहतात. खात्रीसाठी कंद उपटून आडवा कापावा. गाभ्यापासून बाहेर पसरलेला तपकिरी रंग किंवा तळाशी कोरडी, काळपट कूज दिसली, तर मर रोगच समजावा.

बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि नव्या शेतात मुख्यतः बेण्यातून पोचते. वरून निरोगी दिसणाऱ्या कंदातही ती दडलेली असते. उभ्या पिकात रोगट झाड बरे होत नाही. ते कंदासह काढून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये. खरा उपाय लागवडीपूर्वीच करावा लागतो. कंद सोलून, डागाळलेले वेगळे काढून, उरलेले लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवावेत. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत द्यावी. कार्बेन्डाझिमने ती मरते, म्हणून दोन्ही एकत्र वापरू नयेत. भारी काळ्या जमिनीत सप्टेंबरच्या पावसाचे पाणी साचते, तेथे गादीवाफेच करावेत. ताजे शेण आणि जास्त नत्र टाळावे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात ओलावलेले वाफे पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकल्यास मातीतली रोगकारक बुरशी बरीच घटते. त्याच जागी किमान तीन वर्षे ग्लॅडिओलस घेऊ नये.

काढणीनंतरचा काळही तितकाच जोखमीचा असतो. कंद सावलीत दोन-तीन आठवडे सुकवून सुमारे 4 ते 5 अंश सेल्सिअसला शीतगृहात ठेवतात. घरातल्या उन्हाळी उष्म्यात ओलसर कंदांची रास ठेवली, तर लागवडीपूर्वीच त्यांत कूज पसरते.