तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया : एटीआरए व आर्सेनिक यांचा संयुक्त उपचार

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया (संक्षेपाने एपीएल) हा रक्ताच्या कर्करोगाचा विरळा प्रकार आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्के रुग्ण या प्रकारात मोडतात. मायलॉइड ल्युकेमिया एरवी उतारवयात अधिक आढळतो; एपीएल मात्र तरुण आणि मध्यमवयीन माणसांतही बराच दिसतो. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल (एटीआरए, औषधी नाव ट्रेटिनॉइन) हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला जुना सोमल, या जोडीने बहुसंख्य रुग्ण आज नेहमीच्या केमोथेरपीवाचून पूर्ण बरे होतात. वैद्यकीय चाचण्यांत या जोडीने दिलेले यश जवळजवळ शंभर टक्क्यांचे आहे. प्रत्यक्ष रुग्णालयांतले आकडे त्याहून बरेच खाली राहतात. ही तफावत औषधांच्या गुणातली नाही. ती उपचाराच्या पहिल्या काही दिवसांतली, आणि पुष्कळदा उपचार सुरू होण्याआधीची आहे.

रोगाचे स्वरूप : नॉर्वेतील लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये तीन रुग्णांच्या आधारे या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. काही आठवड्यांत मृत्यू आणि आवरता न येणारा रक्तस्राव ही त्यांनी टिपलेली लक्षणे आजही तशीच लागू पडतात. फ्रान्समधील झाँ बेर्नार यांच्या गटाने १९७३ मध्ये डॉनोरुबिसिन हे औषध एकट्याने देऊन ३४ पैकी १९ रुग्णांत रोग मागे हटवला. त्या काळी ही मोठीच मजल होती. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये १५ व १७ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल या रोगाशी जोडून दाखवली. या अदलाबदलीतून पीएमएल आणि आरएआरए ही दोन जनुके एकमेकांना चिकटतात व त्यांपासून एक संकरित प्रथिन तयार होते. त्यामुळे पांढऱ्या पेशींची वाढ प्रोमायलोसाइट या अर्धवट टप्प्यावर अडते आणि अशा कच्च्या पेशींनी अस्थिमज्जा भरून जाते.

निदानाची पहिली खूण सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या रक्तात किंवा मज्जेत जांभळट कणांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतात. त्यांचे केंद्रक दुभंगल्यासारखे असते, आणि काही पेशींत ऑअर दंड नावाच्या काड्या मोळी बांधल्यासारख्या एकत्र पडलेल्या असतात. नजर सरावलेल्या पॅथॉलॉजिस्टला एवढ्यावर संशय घेता येतो. खात्रीसाठी फिश किंवा पीसीआर ही जनुकीय चाचणी लागते आणि तिचा अहवाल यायला वेळ जातो. रोगाचा एक उपप्रकार मात्र फसवा आहे. त्यात कण सूक्ष्म असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, पांढऱ्या पेशींची संख्या बहुधा चढलेली असते, आणि निदान चुकण्याचा धोका तिथेच अधिक.

रक्तस्राव हे या रोगाचे मुख्य संकट आहे. रोगट पेशींतून निघणारे टिश्यू फॅक्टर शरीरभर गुठळ्या घडवून रक्त गोठवणारे घटक संपवते. त्याच पेशींवरचे अॅनेक्सिन-२ हे प्रथिन झालेल्या गुठळ्या भराभर विरघळवते. प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात. परिणामी हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, पाळीत अतोनात रक्तस्राव, आणि सर्वांत भयंकर म्हणजे मेंदूत रक्तस्राव. सकाळी चालत बाह्यरुग्ण विभागात आलेला रुग्ण रात्री बेशुद्ध होऊ शकतो.

औषधांची जोडी : या रोगावरची दोन्ही मुख्य औषधे चीनमधून आली. शांघायच्या रुइजिन रुग्णालयातील वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला एटीआरए दिले. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचा रोग मागे हटला होता, एक रुग्ण वगळता फक्त एटीआरएच्या बळावर. हे औषध कर्करोगाची पेशी मारत नाही. संकरित प्रथिनाच्या आरएआरए भागाला चिकटून ते अडलेली पेशी परिपक्व व्हायला लावते, आणि पक्व झालेली पेशी आपोआप मरते. कर्करोगाच्या उपचारात ही कल्पना तेव्हा नवीच होती.

सोमलाचा इतिहास त्याहून जुना आहे. थॉमस फाउलर यांचे सोमलयुक्त द्रावण इंग्लंडात १७८६ पासून वापरात होते आणि एकोणिसाव्या शतकात ते दीर्घकालीन ल्युकेमियासाठीही दिले गेले. पुढे रेडिएशन व केमोथेरपीने ते मागे पडले. हार्बिन येथील झांग तिंगदोंग यांच्या गटाने १९७० च्या दशकात सोमलाचे इंजेक्शन ल्युकेमियात वापरून पाहिले. शांघायच्या गटाने १९९७ मध्ये रोग उलटलेल्या १५ पैकी १४ रुग्णांत ते गुणकारी ठरल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये १२ पैकी ११ रुग्णांत तोच अनुभव आला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००० मध्ये, रोग उलटलेल्या रुग्णांपुरती, त्याला मान्यता दिली. सोमल संकरित प्रथिनाच्या पीएमएल भागाला पकडून त्याचा नाश घडवतो. एक औषध प्रथिनाचे एक टोक धरते, दुसरे दुसरे. जोडी जमली ती यामुळे.

निर्णायक पुरावा फ्रान्सेस्को लो-कोको यांच्या नेतृत्वाखालील इटली-जर्मनीच्या चाचणीने २०१३ मध्ये दिला. कमी व मध्यम धोक्याच्या (पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला १०,००० पेक्षा अधिक नसलेल्या) रुग्णांत एटीआरए व आर्सेनिक यांची तुलना एटीआरए व केमोथेरपी यांच्याशी केली गेली. आर्सेनिक गटातील मूल्यमापन झालेल्या सर्व ७७ रुग्णांचा रोग मागे हटला. दोन वर्षांनी त्यांतले ९९ टक्के हयात होते. केमोथेरपी गटात हे प्रमाण ९१ टक्के होते. २७६ रुग्णांचा अंतिम अहवाल २०१७ मध्ये आला आणि त्यातही आर्सेनिकची सरशी कायम राहिली. ब्रिटनच्या चाचणीत अधिक धोक्याचे रुग्णही होते. तिचा निष्कर्ष २०१५ मध्ये तसाच निघाला. अधिक धोक्याच्या रुग्णांत सुरुवातीला आयडारुबिसिन किंवा जेमटुझुमॅब या कर्करोगविरोधी औषधाची जोड देण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एटीआरए २०१५ मध्ये व आर्सेनिक ट्रायऑक्साइड २०१९ मध्ये घेतले.

प्रत्यक्षातील फलित : चाचणीत सामील व्हायला रुग्ण आधी जिवंत पोहोचावा लागतो, निदान व्हावे लागते, संमतीपत्रावर सही व्हावी लागते. ज्याच्या मेंदूत आदल्या रात्रीच रक्तस्राव झाला तो चाचणीच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे या रोगाबाबत चाचण्यांचे आकडे खरे असूनही अपुरे आहेत. देशाच्या कर्करोग नोंदवह्या पाहिल्या की चित्र पालटते.

स्वीडनमध्ये १९९७ ते २००६ या काळात निदान झालेल्या सर्व १०५ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. त्यांपैकी २९ टक्के रुग्ण निदानानंतर ३० दिवसांत दगावले. या मृतांपैकी ३५ टक्क्यांना एटीआरएची एकही मात्रा मिळाली नव्हती. ४१ टक्के रक्तस्रावाने गेले. स्वीडन हा सरकारी आरोग्यसेवा घरोघर पोहोचलेला देश, हे ध्यानात घेतले म्हणजे आकड्याची धार कळते. अमेरिकेत १९९२ ते २००७ मधील १,४०० रुग्णांच्या नोंदींत महिन्याभरातील मृत्यूचे प्रमाण १७.३ टक्के निघाले आणि पंचावन्न वर्षांवरील रुग्णांत ते २४ टक्क्यांच्या घरात गेले. हे दोन्ही अभ्यास बहुतांशी एटीआरए बाजारात आल्यानंतरच्या काळातले आहेत. म्हणजे औषध कपाटात होते. रुग्णाच्या पोटात वेळेवर गेले नाही.

या नोंदींनी उपचाराचा एक नियम पक्का केला : काचपट्टीवर संशय आला की जनुकीय अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी एटीआरए सुरू करायचे. निदान वेगळे निघाले तर औषध थांबवता येते, तेवढ्यात फारसे बिघडत नाही. सोबत प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारा घटक) दर डेसिलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर राहील इतके रक्तघटक, गरज पडल्यास दिवसातून दोनदा तपासून, भरत राहायचे. नियम साधा आहे, पण रविवारी संध्याकाळी तालुक्याच्या रुग्णालयात आलेल्या रुग्णासाठी तो पाळला जातो का, हा खरा प्रश्न.

ब्राझील, मेक्सिको, चिली व उरुग्वे या देशांनी हा प्रश्न संघटितपणे सोडवायचा प्रयत्न केला. तिथली रुग्णालये एका जाळ्यात बांधली गेली, पीएमएल प्रथिनाची झटपट चाचणी उपलब्ध केली गेली आणि तज्ज्ञांशी नियमित सल्लामसलत सुरू झाली. ब्राझीलमध्ये सुरुवातीच्या काळातील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी ३२ टक्क्यांच्या आसपास होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या अहवालात ते १५ टक्क्यांवर आलेले दिसते. विशेष म्हणजे या प्रकल्पात आर्सेनिक नव्हतेच. एटीआरए व डॉनोरुबिसिन ही जुनी जोडीच होती. औषध न बदलता मृत्यू निम्म्यावर आले. अमेरिकेत पुढे याच धर्तीवर सुटसुटीत मार्गदर्शिका आणि चोवीस तास फोनवर तज्ज्ञ अशी व्यवस्था करून केलेल्या अभ्यासात महिन्याभरातील मृत्यू सुमारे साडेतीन टक्क्यांवर आले. चाचणी आणि वास्तव यांतले अंतर भरून काढता येते, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणे कठीण.

भारतातील अनुभव : वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने वेगळी वाट धरली. एटीआरए आणि केमोथेरपी दोन्ही बहुतेकांच्या ऐपतीबाहेर असताना तिथे १९९८ पासून केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइडवर उपचार सुरू झाले, आणि ते द्रावण रुग्णालयाच्या औषधशाळेतच तयार होई. ७२ रुग्णांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला : ८६ टक्के रुग्णांचा रोग मागे हटला; उरलेल्यांचे मृत्यू मुख्यतः मेंदूतील रक्तस्रावाने झाले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे ७४ टक्के रुग्ण हयात होते. संयुक्त उपचाराशी तुलना करता हे यश उणे आहे. पण ज्यांना दुसरे काहीच परवडत नव्हते त्यांच्यातले ते आहे, आणि गरिबीवर मात करणारा हा प्रयोग पुढे परदेशी अभ्यासकांनाही दखल घ्यायला लावणारा ठरला.

दुष्परिणाम व दैनंदिन अडचणी : एटीआरए दिवसाला दर चौरस मीटर शरीरक्षेत्राला ४५ मिलिग्रॅम या हिशेबाने, दोन वेळा विभागून, तोंडाने घेतात. आर्सेनिक शरीराच्या दर किलो वजनाला ०.१५ मिलिग्रॅम, शिरेतून साधारण दोन तासांत देतात. सलाईन लावण्यापूर्वी हृदयाचा आलेख व रक्तातील पोटॅशियम-मॅग्नेशियम पाहणे चुकवून चालत नाही, कारण आर्सेनिकमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. पोटॅशियम ४ च्या वर ठेवतात. पेशी एकदम पक्व होऊ लागल्या की ताप, धाप, अचानक वाढलेले वजन, फुप्फुसाभोवती पाणी असा प्रकार होतो. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात; शंका येताच डेक्सामेथासोन सुरू करतात. लो-कोको यांच्या चाचणीत आर्सेनिक गटातील ६३ टक्के रुग्णांच्या यकृताचे अहवाल बरेच बिघडले होते, केमोथेरपी गटात ६ टक्क्यांचे; औषध काही दिवस थांबवल्यावर ते बहुधा पूर्ववत होतात. मुलांत एटीआरएमुळे डोकेदुखी व डोक्यातील दाब वाढणे आढळते. दोन्ही औषधे गर्भाला घातक आहेत.

रोग मागे हटल्यावरही पक्केपणासाठी आर्सेनिकचे चार फेरे असतात : आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे औषध, चार आठवडे विश्रांती. म्हणजे ८० सलाईन. औषधाच्या किमतीपेक्षा हे ८० दिवस रुग्णाला महाग पडतात. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणारे कर्करुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन्महिने मुक्काम करतात ते अशाच लांबणाऱ्या उपचारांपायी. यावर तोड म्हणून चीनमध्ये मनशीळ (आर्सेनिकचेच एक खनिज) व नीळ असलेले तोंडाने घ्यायचे औषध वापरले जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४२ रुग्णांच्या चाचणीत ते शिरेतून दिलेल्या आर्सेनिकच्या तोडीस तोड ठरले. हाँगकाँगमध्ये आर्सेनिक ट्रायऑक्साइडचे पिण्याचे द्रावणही तयार झाले. ज्या देशांत हे तोंडाने घ्यायचे औषध मिळते तिथे पक्केपणाचे फेरे घरी राहून पूर्ण करता येतात.

हिरड्यांतून रक्त, कारणाशिवाय उठणारे निळे डाग आणि थकवा अशी लक्षणे एकत्र दिसली तर रक्ताची सीबीसी तपासणी व काचपट्टी त्याच दिवशी करून घ्यावी. अहवालात प्लेटलेट व पांढऱ्या पेशींची संख्या बिघडलेली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे.