रांगेतली लाना

इतिहासात जर-तरला जागा नाही, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकी कॉमिक्सनी ती पाळली नाही. सुपरमॅनचा मृत्यू १९६१मध्येच ‘काल्पनिक कथा’ म्हणून छापला गेला (जणू बाकीच्या खऱ्या!), आणि १९७७मध्ये मार्व्हलनं ‘व्हॉट इफ’ ही मालिकाच काढली.

मला अडवते ती मार्क मिलरची ‘रेड सन’ (२००३). बाळ सुपरमॅनचं यान काही तासांच्या फरकानं कॅन्ससऐवजी युक्रेनमधल्या सामुदायिक शेतावर उतरतं. छातीवर ‘एस’ऐवजी विळा-हातोडा. एवढी गंमत कुणालाही सुचली असती. अनुवादक म्हणून मी ‘जर’पेक्षा ‘तर’पाशी जास्त रेंगाळते. स्टालिन मेल्यावर पक्षाचं नेतृत्व सुपरमॅन आधी नाकारतो. मग अन्नासाठी लागलेल्या रांगेत बालमैत्रीण लाना भुकेल्या मुलांसह दिसते, आणि तो होकार देतो. ज्या युक्रेननं १९३२-३३चा भीषण दुष्काळ सोसला, तिथं वाढलेल्या मुलाचा हा होकार मला खोटा वाटत नाही. कॅन्ससच्या सुपरमॅनचीही कणव हीच. पुढे कुणी उपाशी राहत नाही. विरोधकांच्या मेंदूत मात्र यंत्रं बसतात.

ब्रेनिअ‍ॅकनं आक्रसून बाटलीत भरलेलं स्टालिनग्राड तेवढं त्याला पूर्ववत करता येत नाही. ती बाटली तो जपून ठेवतो.