स्थानिक विदा साठवण (औद्योगिक जाळे)

स्थानिक विदा साठवण म्हणजे कारखाना, उदंचन केंद्र, धरण किंवा हवामान केंद्र यांतील उपकरणांच्या नोंदी मध्यवर्ती संगणकाशी संपर्क तुटला असता जागेवरच क्रमाने जपून ठेवण्याची आणि संपर्क पूर्ववत झाल्यावर पुढे पाठवण्याची पद्धत होय. तंत्रज्ञांच्या बोलण्यात तिला सर्रास 'बफरिंग' म्हणतात. कल्पना जुनीच आहे. टेलिप्रिंटरच्या काळात आलेला संदेश छिद्रित कागदी फितीवर उतरवून ठेवत आणि पुढची वाहिनी मोकळी झाली की ती फीत यंत्राला लावत.

वऱ्हाडातील गरज

अमरावती शहराला मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचे, तर अकोल्याला बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. अशा योजनांत पाण्याची पातळी, पंपाचा दाब व प्रवाह यांची मोजणी एका ठिकाणी होते आणि तिचा उपयोग दूरच्या शहरात होतो. मेळघाटच्या डोंगररांगांत भ्रमणध्वनीचा संकेत मुळातच विरळ आहे. सपाटीवरही मृगाआधीच्या वादळात वीज आणि मनोरा दोन्ही एकदमच बंद पडू शकतात. म्हणजे नोंदीची खरी निकड असते, नेमका त्याच वेळी संपर्क तुटतो.

याचे मोल शेतकऱ्याला अधिक कळते. महावेध प्रकल्पांतर्गत राज्यात महसूल मंडळनिहाय २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत संत्र्याच्या आंबिया व मृग बहाराची भरपाई बागेतील पंचनाम्यावर नव्हे, तर संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. काही निकष लागोपाठच्या दिवसांचे असतात. त्यामुळे मधल्या एका दिवसाची नोंद हरवली, तर बाग वाळूनही कागदावरची साखळी तुटलेली दिसू शकते. केंद्राने ती नोंद स्वतःजवळ ठेवली असेल, तर उशिरा का होईना, ती मिळते.

वेळेची नोंद

साठवलेल्या आकड्याला मोजणीच्या क्षणाची वेळ जोडलेली असावी लागते. वेळ मध्यवर्ती संगणकाने लावली, तर दोन दिवसांचा पाऊस एकाच तासात पडल्यासारखा दिसेल. मॉडबस या प्रचलित संदेशपद्धतीत प्रमाणित नोंदीसोबत वेळ जात नाही. ती वाचणाऱ्या प्रवेशद्वार-संगणकाने लावावी लागते. डीएनपी३ मध्ये मात्र वेळेसह घटना साठवण्याची सोय मूळ उपकरणातच आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मोजणी यंत्र व प्रवेशद्वार यांमधील तार तुटली, तर प्रवेशद्वारातील कितीही मोठी साठवण निरुपयोगी ठरते. संपर्काविना घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सरकू शकते. म्हणून बॅटरीवर चालणारे घड्याळ व संपर्क येताच त्याची दुरुस्ती, दोन्ही हवेत.

साठवणीचा आकार

समजा, २०० मोजण्या दर १० सेकंदांनी होतात व प्रत्येक नोंद ४० बाइटची आहे. दिवसाला १७,२८,००० नोंदी, म्हणजे सुमारे ६९ मेगाबाइट होतात. तीन दिवसांसाठी २०७ मेगाबाइट पुरतात. मोजणी दर सेकंदाला केल्यास २ गिगाबाइटहून थोडी अधिक जागा लागते. नोंदी कार्यकारी स्मृतीत ठेवल्यास वीज जाताच त्या पुसल्या जातात, म्हणून त्या कायम स्मृतीत, बहुधा एसक्यूलाइटसारख्या लहान विदागारात लिहितात. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात लोखंडी पेटीतील तापमान त्याहून बरेच चढते. साधे स्मृतिपत्र तेथे भरवशाचे नसते.

जागा भरल्यावर जुन्या नोंदी पुसाव्यात की नव्या नाकाराव्यात, हे आधीच ठरवावे लागते. पंपचालकाला ताजी स्थिती हवी असते, विम्याच्या किंवा देयकाच्या हिशेबाला जुनीही तितकीच लागते. धोक्याच्या सूचनांची रांग स्वतंत्र ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. जागा वाचवण्यासाठी 'बदल झाला तरच नोंद' असा नियम लावतात. पण मग नोंद नसणे म्हणजे बदल नसणे की यंत्र बंद असणे, हे कळत नाही. त्यासाठी ठरावीक अंतराने एक सक्तीची नोंद ठेवतात.

पोच आणि फेरपाठवणी

पोच मिळाल्याशिवाय नोंद पुसू नये. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी तयार झालेल्या एमक्यूटीटी या पद्धतीत पोचेच्या ०, १ व २ अशा तीन पातळ्या आहेत. पातळी १ मध्ये संदेश दोनदा पोहोचू शकतो, म्हणून प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक देऊन दुबार नोंद गाळावी लागते. शिवाय ही पोच मध्यस्थ संगणकाची असते. विदागारात नोंद लिहिली गेल्याची ती हमी नव्हे. येथे अनेकांची फसगत होते.

संपर्क येताच सर्व साठा एकदम सोडल्यास अशक्त वाहिनी पुन्हा कोलमडते. वरील उदाहरणात दर सेकंदाला २० ताज्या नोंदी येतात. वाहिनी सेकंदाला १०० नोंदी नेत असेल, तर साठ्यासाठी ८० ची जागा उरते व दोन दिवसांचा साठा जायला १२ तास लागतात. तेवढ्या वेळात संपर्क पुन्हा तुटणार असेल, तर मोजणीचे अंतर वाढवावे लागते.

मांडणीची चाचणी जाळ्याची तार काढून करतात. काही तासांनी, तार काढलेलीच असताना, उपकरणाची वीजही एकदा बंद करून पुन्हा सुरू करतात. तार जोडल्यावर दोन्ही टोकांच्या नोंदींची संख्या व पहिल्या-शेवटच्या नोंदींच्या वेळा जुळतात का, हे पाहिले जाते.