पांढरा झगा आणि गॅसचे दिवे

बॅले म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. अंधारा रंगमंच, निळसर चांदणं, आणि ढगासारखा पांढरा झगा घालून पायाच्या बोटांवर तोललेली एक मुलगी. हे चित्र इतकं सवयीचं झालंय की ते कुणीतरी, कधीतरी 'तयार केलं' असेल हे डोक्यातच येत नाही. पण ते तयार केलं गेलं, आणि त्याची तारीखही आपल्याला माहीत आहे! १२ मार्च १८३२, पॅरिस ऑपेरा. त्या रात्री 'ला सिल्फीद' नावाच्या बॅलेचा पहिला प्रयोग झाला.

गोष्ट तशी साधी. स्कॉटलंडमधला एक तरुण ऐन लग्नाच्या दिवशी एका वनपरीच्या प्रेमात पडतो आणि घर सोडून तिच्यामागे जंगलात जातो. ती हाताला लागत नाही म्हणून तिला जादूच्या ओढणीत बांधायला बघतो, तर तिचे पंखच गळून पडतात आणि ती मरते. परीचं काम केलं होतं मारी ताल्योनीने. जन्म १८०४, वडील इटालियन, आई स्वीडिश. वडील फिलिपो हे तिचे गुरू आणि या बॅलेचे नृत्यदिग्दर्शकही. पोरगी पाठीत थोडी वाकलेली, चारचौघींत उठून दिसणारी नव्हे. वडिलांनी व्हिएन्नात सहा महिने तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली. एकेका पवित्र्यात शंभर आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही! पायाच्या बोटांवर उभं राहण्याची कसरत तिच्याआधीही काही जणी करायच्या, पण तो डोंबाऱ्याच्या खेळासारखा प्रकार होता. ताल्योनीने तो नाचात असा मिसळला की बाईला वजनच नाही असं वाटावं. तेही आजच्यासारखे पुढून कडक केलेले बूट नसताना. तिच्या पायात साध्या सॅटिनच्या सपाता असत, फार तर टोकाशी दोऱ्याने रफू करून थोड्या घट्ट केलेल्या.

आता गंमत बघा. तिचा तो स्वर्गीय वगैरे झगा खरं म्हणजे त्या काळची फॅशनच होती. १८३०च्या आसपासच्या फॅशनच्या मासिकांतली चित्रं काढून बघा. उघडे खांदे, आवळलेली कंबर, घंटेसारखा फुललेला घागरा, पायात रिबिनी बांधलेल्या सपाता. पॅरिसमधली कुठलीही श्रीमंत बाई संध्याकाळी असाच पोशाख करून पार्टीला जायची. बॅलेवाल्यांनी त्यातल्या फुग्यांसारख्या प्रचंड बाह्या काढल्या, रंग काढला, घागरा पोटरीपर्यंत वर घेतला आणि पाठीला दोन छोटे पंख लावले. झाली परी तयार!

आणि मग उलटा प्रवास सुरू झाला. 'ला सिल्फीद' याच नावाचं एक फॅशनचं मासिक पॅरिसमध्ये निघालं. इंग्लंडमध्ये तर पुरुषांच्या एका ओव्हरकोटालाच 'ताल्योनी' म्हणायला लागले. आजकाल सिनेमा लागला की बाजारात त्या नावाची साडी येते, त्यातलाच हा प्रकार.

पण हे १८३२मध्येच का झालं? माझ्यातल्या इंजिनियरला इथे खरा रस वाटला. त्याच्यामागे दोन तंत्रं आहेत.

पहिलं कापड. शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बायकांना आपल्याकडच्या, म्हणजे बंगालच्या मलमलीचं वेड होतं, आणि ती भयंकर महाग होती. मग इंग्लंडमधल्या गिरण्या स्वस्त सुती कापड काढायला लागल्या. १८०८-०९च्या सुमारास जॉन हीथकोट नावाच्या माणसाने जाळीचं कापड विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. जे काम बायका हाताने कित्येक दिवस करत, ते यंत्र सटासट करायला लागलं. त्यामुळे पोटं मारली गेलेल्या कामगारांनी १८१६ साली त्याच्या कारखान्यात घुसून ५५ यंत्रं फोडली, ती वेगळीच कहाणी. थोडक्यात काय, तर थरावर थर चढवायला पातळ, पांढरं कापड आता भरपूर मिळत होतं.

दुसरं तंत्र म्हणजे गॅसचे दिवे. पॅरिस ऑपेरात ते १८२२मध्ये आले. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांचा उजेड हवा तसा कमी-जास्त करणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. गॅसला मात्र तोटी असते, ती फिरवली की चांदणं! १८३१च्या 'रॉबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून नाचतात असा प्रवेश होता. त्या उजेडात तो बघून लोक अक्षरशः वेडे झाले. पुढच्याच वर्षी 'ला सिल्फीद' आणि १८४१मध्ये 'जिझेल'. पांढऱ्या भुतांचा जमानाच सुरू झाला.

आता ही दोन तंत्रं शेजारी ठेवा. हवा खेळती राहील असं पातळ सुती जाळीचं कापड, त्याचे कितीतरी थर. आणि दोन हातांवर, रंगमंचाच्या कडेला आणि विंगेत, उघड्या ज्योतींच्या रांगा. पुढे काय होणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

डिसेंबर १८४४मध्ये लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टरचा झगा भर प्रयोगात पेटला. तीन दिवसांनी ती गेली. पुढे १८५०च्या दशकात फॅशनमधले घागरे पिंजऱ्यासारखे प्रचंड झाले आणि हीच आग घराघरांत शिरली. अमेरिकन कवी लॉंगफेलोची बायको १८६१ साली घरातच, कपडे पेटून गेली.

वाईट याचं वाटतं की उपाय माहीत होता! शाळेत वायूंच्या नियमात भेटलेले गे-ल्युसॅक आठवतात? त्यांनी १८२१मध्येच कापड सहजी पेटू नये म्हणून कुठले क्षार वापरावेत ते शोधून ठेवलं होतं. पुढे कार्तरों नावाच्या माणसाची पद्धत आली आणि १८५९च्या फर्मानाने ऑपेरातले पोशाख अशा द्रावणातून काढणं सक्तीचं झालं. पण बुडवलेलं कापड कडक व्हायचं, मळकट दिसायचं. ढगाचं पोतेरं!

एमा लिव्री तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी 'ला सिल्फीद'मधून पुढे आलेली. साक्षात ताल्योनीने तिला हाताशी धरलं आणि तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' हा बॅले बसवला. त्यात फुलपाखराचे पंख ज्योतीने जळतात. १८६०मध्ये त्याच्या पहिल्या प्रयोगाआधी एमाने संचालकांना लिहून दिलं की मी नेहमीचाच झगा घालून नाचणार, जे होईल त्याची जबाबदारी माझी. आणि तिला नाचू दिलं. १५ नोव्हेंबर १८६२ला एका तालमीच्या वेळी विंगेत तिचा घागरा गॅसच्या ज्योतीला लागला. पुढे आठ महिने ती यातना सोसत होती. २६ जुलै १८६३ला गेली, तेव्हा एकवीसचीही नव्हती.

"हट्टी पोरगी, स्वतःच्या नखऱ्यापायी मेली" असं म्हणणं फार सोपं आहे. पण जरा विचार करा. तिचं नाव, तिचं पोट, तिचं सगळं भविष्य वजन नसल्यासारखं दिसण्यावर उभं होतं. तिकीट काढणाऱ्याला ढगच हवा होता, पोतेरं नको होतं. दिवे तसेच ठेवायचे, कापड तसंच ठेवायचं आणि धोका मात्र सगळ्यांत तरुण माणसाच्या सहीवर ढकलून द्यायचा! आमच्या धंद्यातही मेलमध्ये 'रिस्क अ‍ॅक्सेप्टेड' असे दोन शब्द टाकले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ज्या नियमातून सही करून सुटता येतं, तो नियम नसून फक्त सल्ला असतो.

असो. १८८०च्या दशकात थिएटरांमध्ये वीज आली आणि उघड्या ज्योती हळूहळू गेल्या. झगा मात्र राहिला. 'जिझेल' आजही जगभर होतो, यूट्यूबवर त्याचा दुसरा अंक सहज मिळेल. जरूर बघा, फार सुंदर आहे. आणि एमाच्या त्या दिवशीच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.