तळटीप : खेचराची गाडी

* मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या गप्पांत खेचराच्या गाडीचा विषय निघतो. आपल्याकडे गाडीची शर्यत म्हटली की बैलगाडीच डोळ्यांसमोर येते. इथे अभिप्रेत असलेला खेळ मात्र वेगळा, त्यात नुसता वेग पुरत नाही. आखीव चाली, अडथळ्यांची लांब दौड आणि शंकूंवरचे चेंडू न पाडता गाडी काढणे, असे त्याचे तीन भाग. त्याची आंतरराष्ट्रीय नियमावली प्रिन्स फिलिप यांच्या पुढाकाराने तयार झाली, तीही घोड्यांसाठी. खेचरांची गाडी पाहायची तर कॅलिफोर्नियातल्या बिशप गावचा वार्षिक खेचर-मेळा गाठावा.

नर गाढव आणि घोडी यांचे हे अपत्य हट्टी म्हणून उगाच बदनाम आहे. धोका दिसला की घोडा उधळतो, खेचर बहुधा थांबून अंदाज घेते. तिथे चाबूक उगारला की शिकवलेले सगळे पाण्यात. म्हणून आधी लांब लगाम धरून मागून चालायचे, मग एखादे हलके लाकूड ओढायला लावायचे, त्याच्या खडखडाटाला ते सरावले की मगच गाडी. खेचराचे खांदे सपाट असल्याने साज पुढे घसरतो; उतारावर गाडीचा रेटा पेलायला मागच्या मांड्यांभोवतीचा पट्टा नीट बसलेला हवाच.